सिंचन विहिरींचा घोटाळा उघड करणाऱ्याने परदेशात आश्रय मागावा काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका पंचायत समितीत रोजगार हमीच्या कामांचे मस्टर संगणकावर चढवणारे कंत्राटी कर्मचारी आहात. सिंचन विहिरींच्या फायली हाताळताना, एकाच विहिरीचे फोटो निरनिराळ्या लाभार्थ्यांच्या नावाने जोडून मजुरीचे आणि साहित्याचे पैसे उचलले गेल्याचे तुमच्या ध्यानात आले, आणि तुम्ही वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली. चार दिवसांत त्या तक्रारीची प्रत, ज्यांच्याविरुद्ध ती होती त्यांच्याच हातात पोहोचली. तेव्हापासून रात्री घरासमोर गाडी येऊन उभी राहते. बनावट मस्टर तुमच्या आयडी-पासवर्डवरून भरले गेले असल्यामुळे गुन्हा तुमच्यावरच नोंदवला जाणार, अशी कुणकुणही तुम्हाला लागली आहे. कॅनडातील ब्रॅम्प्टनला मावसभाऊ आहे, पासपोर्ट तयार आहे. अमेरिकी सरकारची गुप्त टेहळणी उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेनप्रमाणे बाहेर जाऊन आश्रय मागितला तर चालेल काय, आणि तसे केल्यास इथले कोणते कायदेशीर हक्क सुटतील, असे तुम्ही विचारता.

मी सत्तावीस वर्षांपासून विदर्भातील तालुका व जिल्हा न्यायालयांत आणि नागपूर खंडपीठात फौजदारी व सेवाविषयक प्रकरणे चालवतो. परदेशात आश्रयाचे अर्ज केलेल्या काही जणांची इथली कागदपत्रे जमवून देण्याचे आणि भारतीय कायद्याविषयी तिथल्या वकिलांना लेखी मत देण्याचे कामही माझ्याकडे आले आहे. त्या अनुभवावरून माझे मत सुरुवातीलाच देतो: आज आहे त्या स्थितीत तुम्ही कॅनडाला जाऊन आश्रय मागू नये. तुमच्या जिवाला असलेला धोका मी हलका समजत नाही. सुवर्ण चतुष्कोण महामार्गाच्या कामातील गैरव्यवहाराविषयी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिणाऱ्या सत्येंद्र दुबे यांनी आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती, तरीही ते नाव फिरले, आणि २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. आपल्याच राज्यात तळेगाव दाभाडे येथे १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला निघालेले माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी मारले गेले. तेव्हा भीती खरी आहे. परंतु तुम्ही जसे तक्रारदार आहात तसेच उद्याचे आरोपीही ठरू शकता, आणि आरोपीचे जवळजवळ सगळे हक्क न्यायालयापुढे प्रत्यक्ष उभे राहणाऱ्यालाच वापरता येतात. देश सोडताना नेमके तेच हातचे जातात.

आधी आश्रयाचा कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५१ चा निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार आणि त्याचा १९६७ चा प्रोटोकॉल यांवर तो उभा आहे. भारताने यांपैकी कशावरही सही केलेली नाही, कॅनडाने केली आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत, या पाचांपैकी एखाद्या कारणाने छळ होण्याची साधार भीती असलेला आणि स्वतःच्या देशाबाहेर असलेला माणूस हा निर्वासित, अशी त्याची व्याख्या आहे. गैरव्यवहार उघड करणाऱ्याला, म्हणजे व्हिसलब्लोअरला, आपली वर्तमानपत्रे जागल्या म्हणतात. त्या जागल्याचा त्यात कुठेही उल्लेख नाही. त्याला आपली तक्रार राजकीय मताच्या चौकटीत बसवून दाखवावी लागते. ते अशक्य नाही. कॅनडाच्या फेडरल अपील न्यायालयाने २००० साली क्लिंको प्रकरणात, युक्रेनमधील प्रादेशिक अधिकाऱ्यांच्या सर्वदूर भ्रष्टाचाराविरुद्ध केलेली तक्रार हे राजकीय मत ठरते, असे मानले. त्याच वर्षी अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने फिलिपिन्सच्या सीमाशुल्क खात्यातील ग्रावा यांच्या प्रकरणात सांगितले की वरिष्ठांविरुद्धची प्रत्येक तक्रार राजकीय नसते, पण भ्रष्ट शासकीय अधिकाऱ्यांविरुद्ध आवाज उठवणे हे राजकीय कृत्य असू शकते.

एवढे वाचून हुरूप येतो, आणि बाहेरचे एजंट एवढेच वाचून दाखवतात. खरी अडचण पुढच्या दोन प्रश्नांत आहे. कॅनडातले स्थलांतर व निर्वासित मंडळ पहिला प्रश्न असा विचारते की तुमच्या देशाने तुम्हाला संरक्षण नाकारले काय, आणि ते मागितल्याचा पुरावा कुठे आहे. ज्याने पोलीस अधीक्षकांना अर्ज दिला नाही, न्यायालयात गेला नाही, त्याच्याकडे या प्रश्नाला उत्तर नसते. दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे: तुम्हाला धमकावणारे तालुक्यातले कंत्राटदार आणि त्यांचे पाठीराखे आहेत, तर तुम्ही नागपूर, पुणे, हैदराबाद किंवा कोलकाता इथे जाऊन का राहिला नाहीत? आपल्यासारख्या प्रचंड देशातून आलेल्या माणसाचा अर्ज, मी पाहिलेल्या कागदांत तरी, सर्वाधिक वेळा याच प्रश्नावर फेटाळला गेला आहे. तालुक्याचा पुढारी आपल्याला सर्वशक्तिमान वाटतो, पण त्याचा हात बंगळुरूपर्यंत पोहोचतो हे परक्या देशातील निर्णय देणाऱ्याला पटवणे फार कठीण जाते. युरोपचे वारेही वेगळे नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने सुरक्षित मूळदेशांची जी यादी प्रस्तावित केली तिच्यात भारताचे नाव होते.

त्यातच करारातील एक वगळणूक तुम्हाला थेट लागू पडू शकते. आश्रयाच्या देशाबाहेर गंभीर बिगर-राजकीय गुन्हा केल्याचे मानण्यास सबळ कारण असेल, तर त्या माणसाला निर्वासिताचा दर्जाच मिळत नाही, आणि ज्या गुन्ह्याला कमाल शिक्षा दहा वर्षे किंवा अधिक आहे तो कॅनडात सामान्यतः गंभीर धरला जातो. सरकारी पैशाच्या अपहाराचा गुन्हा तुमच्या नावे इथे नोंद असेल, तर तो खोटा आहे हे तुम्हाला टोरांटोच्या सुनावणीच्या खोलीत, पंचायत समितीचे रजिस्टर हाताशी नसताना, दुभाष्यामार्फत समजावून सांगावे लागेल. शिवाय पर्यटनासाठी येतो असे व्हिसाच्या अर्जात लिहून उतरल्या दिवशी आश्रय मागितला, तर तुमच्या पुढच्या प्रत्येक शब्दाकडे त्या विधानाच्या आडून पाहिले जाते.

स्नोडेनविषयी आपल्याकडे अर्धेच सांगितले जाते. मे २०१३ मध्ये तो हवाईहून हाँगकाँगला गेला, २३ जून रोजी मॉस्कोला उतरला, आणि तोपर्यंत अमेरिकेने त्याचा पासपोर्ट रद्द केलेला असल्यामुळे शेरेमेत्येवो विमानतळाच्या ट्रान्झिट भागात जवळजवळ चाळीस दिवस अडकून पडला. त्याने वीसच्या आसपास देशांकडे आश्रय मागितला. त्यांत भारतही होता, आणि भारताने नकार दिला. अर्जदार आमच्या भूमीवर आल्याशिवाय अर्ज विचारात घेता येत नाही, असे अनेक देशांनी कळवले. १ ऑगस्ट २०१३ रोजी रशियाने त्याला एका वर्षाचा तात्पुरता आश्रय दिला. पुढे तीन वर्षांचा निवास परवाना, २०२० मध्ये कायम निवास आणि सप्टेंबर २०२२ मध्ये रशियाचे नागरिकत्व, असा तो प्रवास झाला. राहण्याचा देश त्याने निवडला नव्हता, पासपोर्ट रद्द होण्याने तो ठरला. त्याच्या मायदेशात १९१७ च्या हेरगिरी कायद्याखालील आरोप आजही उभे आहेत, आणि तिथल्या न्यायालयाने त्याच्या आत्मकथनाच्या कमाईवर सरकारचा हक्क मान्य केला. फरार आरोपीविषयी अमेरिकी न्यायालयांचे धोरणही जुने आहे: १९७० मध्ये मोलिनारो प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की जो अपीलकर्ता जामिनावर सुटून पळून गेला त्याला आपले अपील ऐकून घेण्याची मागणी करता येत नाही.

त्याच्या उलट डॅनियल एल्सबर्ग यांनी व्हिएतनाम युद्धाचे गुप्त दस्तऐवज वर्तमानपत्रांना दिल्यावर काही दिवस लपून राहून २८ जून १९७१ रोजी बोस्टनमध्ये स्वतःला स्वाधीन केले, जामिनावर बाहेर राहून लोकांपुढे बोलत राहिले, आणि सरकारी माणसांनी त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या कार्यालयात केलेली घरफोडी उघडकीस आल्यावर ११ मे १९७३ रोजी न्यायाधीशांनी खटलाच काढून टाकला. एल्सबर्ग हजर होते म्हणून सरकारची लबाडी त्या खटल्यात त्यांच्या कामी आली. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की २०१३ मध्ये याच एल्सबर्ग यांनी स्नोडेनच्या निघून जाण्याचे जाहीर समर्थन केले. आपल्याला जामीन मिळाला तसा त्याला आता मिळणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हाच कस मी तुमच्या प्रकरणाला लावतो: इथे जामीन मिळण्याची शक्यता आहे काय? माझ्या मते आहे, आणि चांगली आहे, पण तुम्ही इथे असाल तरच.

आता तुमच्या प्रश्नाच्या मुख्य भागाकडे येतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, लागू झाली, आणि तिच्या कलम ३५६ ने पळून गेलेल्या आरोपीची स्थिती पुरती बदलली. पूर्वी आरोपी फरार असला की त्याच्यापुरता खटला थांबून राहत असे. साक्षी नोंदवून ठेवता येत, पण निकाल होत नसे. दहा वर्षे किंवा त्याहून अधिक कैदेच्या, जन्मठेपेच्या अथवा मृत्युदंडाच्या गुन्ह्यात ज्याला न्यायालयाने उद्घोषित अपराधी, म्हणजे जाहीर नोटिशीनंतरही हजर न झालेला आरोपी, ठरवले, तो खटला चुकवण्यासाठी फरार झाला असून लगेच हाती लागण्याची शक्यता नाही असे दिसले, तर स्वतःच्या उपस्थितीत खटला चालवून घेण्याचा आपला हक्क त्याने सोडून दिला, असेच आता कायदा धरून चालतो. तुम्ही कुठेही तसे लिहून दिलेले नसते. तुमचे नसणे हीच तुमची सही मानली जाते. किमान तीस दिवसांच्या अंतराने दोन वॉरंट, वर्तमानपत्रात नोटीस, नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणे, घराच्या दर्शनी भागावर आणि पोलीस ठाण्यात सूचना लावणे, आणि आरोप निश्चितीनंतर नव्वद दिवस थांबणे, एवढे झाले की खटला सुरू होतो आणि निकालापर्यंत जातो. सरकारी खर्चाने वकील दिला जातो, पण ज्याला तुम्ही कधी भेटला नाहीत, ज्याला तुमचा पासवर्ड कार्यालयात आणखी कोणाकोणाला माहीत होता हे ठाऊक नाही, तो उलटतपासणीत काय विचारणार?

याच कलमाच्या शेवटी अपिलाविषयी जे लिहिले आहे ते तुम्ही दोनदा वाचावे, अशी माझी विनंती आहे. अशा निकालाविरुद्ध अपील करायचे तर आरोपीने अपिलाच्या न्यायालयापुढे स्वतः हजर झालेच पाहिजे, आणि निकालाच्या तारखेपासून तीन वर्षे उलटली की शिक्षेविरुद्ध अपीलच चालत नाही. परदेशातला आश्रयाचा अर्ज, त्यावरचे अपील, पुनर्विलोकन, हे सारे होईपर्यंत तीन वर्षे कशी जातात ते कळतही नाही. तिथला अर्ज शेवटी फेटाळला गेला आणि तुम्हाला परत पाठवले, तर ज्या निकालाविरुद्ध दाद मागायची मुदत संपली आहे असा निकाल डोक्यावर घेऊन तुम्ही नागपूरच्या विमानतळावर उतराल. लोकसेवकाने केलेल्या फौजदारी विश्वासघाताला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(५) खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, आणि कंत्राटी माणसालाही लोकसेवक धरून असे कलम लावल्याचे मी पाहिले आहे. म्हणून ही तरतूद तुम्हाला लागू होणार नाही अशा समजात राहू नका. शिवाय उद्घोषित अपराधी ठरूनही हजर न राहणे हा कलम २०९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. मूळ आरोपातून सुटलात तरी हा उरू शकतो.

अटकपूर्व जामिनाचेही तसेच आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली तो आज मागता येतो. तुम्ही स्वतः तक्रार केली आहे, पुरावा कागदोपत्री आहे, चौकशीला तुम्ही हजर राहता, या तीन गोष्टी न्यायाधीशापुढे ठेवता येतात. पण एकदा फरार म्हणून उद्घोषणा झाली की असा जामीन सामान्यतः मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या लवेश प्रकरणात स्पष्ट केले आहे. पासपोर्टविषयी सांगायचे तर, फौजदारी प्रकरण न्यायालयात प्रलंबित असल्यास किंवा अटकेचे वॉरंट निघाल्यास पासपोर्ट अधिकारी १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १०(३) खाली तो अडकवून ठेवू किंवा रद्द करू शकतात. परदेशी जाण्याचा हक्क हा जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे मनेका गांधी प्रकरणापासून, म्हणजे १९७८ पासून, पक्के आहे. त्यामुळे त्या आदेशाविरुद्ध अपील आहे, उच्च न्यायालयात रिट याचिका आहे, आणि प्रकरण प्रलंबित असतानाही न्यायालयाची परवानगी घेऊन लोक बाहेर जाऊन येतात. तुम्ही बाहेर असताना तो रद्द झाला, तर मात्र वकिलाती तुम्हाला फक्त परतीच्या एका प्रवासाचा कागद देतील.

नागरिकत्वाविषयी बराच गैरसमज आहे. आश्रय मिळाल्याने भारतीय नागरिकत्व जात नाही. ते जाते पुढच्या टप्प्यावर, तिथले नागरिकत्व घेतल्यावर, कारण १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे कलम ९ दुहेरी नागरिकत्व मानत नाही. स्नोडेन रशियाचा नागरिक होऊनही अमेरिकेचा नागरिक राहू शकला; तुम्हाला ती सोय नाही. मतदानाचा हक्क कागदावर राहतो, कारण परदेशस्थ नागरिकाला मतदार यादीत नाव ठेवता येते, पण मत द्यायला स्वतः आपल्या मतदान केंद्रावर यावे लागते, आणि आश्रितासाठी तर तेच दार बंद झालेले असते.

वावराचे काय होईल, हे तुम्ही विचारले नाही, पण सात-बारा तुमच्या नावे आहे म्हणून सांगतो. परदेशी राहणाऱ्याला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. जी आधीची किंवा वारसाने आलेली आहे ती ठेवता येते, आणि विकायची झाल्यास इथे राहणाऱ्यालाच विकता येते. विदर्भात त्यावर १९५८ च्या कुळ व शेतजमीन कायद्याचे बंधन येऊन, घेणारा शेतकरीच लागतो. फरार आरोपीच्या मालमत्तेवर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ८५ खाली जप्ती येते, आणि शेतसारा भरणाऱ्या जमिनीची जप्ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. सात-बाऱ्याच्या इतर हक्कांत ती नोंद चढली की सोसायटीचे पीककर्ज थांबते. मग पेरणीच्या तोंडावर आईने कोणाच्या दारी जायचे? दोन वर्षांच्या आत हजर होऊन, मी पळालो नव्हतो आणि उद्घोषणेची मला माहितीच नव्हती, हे सिद्ध केले तर मालमत्ता परत मिळू शकते. पण ज्याच्या घराच्या कवाडावर नोटीस चिकटवली गेली आणि ज्याच्या भावाने तिचा फोटो मोबाइलवर पाठवला, त्याला हे सिद्ध करता येत नाही.

वर्धा नदीकाठच्या एका गावातील माझ्या एका अशिलाची गोष्ट इथे सांगणे भाग आहे. धान्यवाटपातील गैरव्यवहार त्यांनी उघड केला होता, अंगावर हल्ला झाला होता, आणि कॅनडात त्यांना दर्जाही मिळाला. म्हणजे त्यांचे प्रकरण यशस्वी झाले असेच म्हणावे लागेल. दोन वर्षांनी आई अंथरुणाला खिळली. त्यांनी भारतीय पासपोर्ट नवा करून आठ दिवस येऊन जाण्याचे ठरवले, तेव्हा तिथल्या वकिलाने त्यांना थांबवले. मायदेशाचे संरक्षण स्वखुशीने पुन्हा घेतले तर निर्वासिताचा दर्जा संपतो, ही करारातली तरतूद आहे. मायदेशाचा पासपोर्ट नवा करून घेणे हे त्याचे ठळक लक्षण मानले जाते, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॅनडात त्यासोबत कायम निवासाचा हक्कही जाऊ शकतो. निर्वासिताला जो प्रवासाचा कागद मिळतो तो मायदेश सोडून इतर देशांसाठी असतो. ते आईच्या मातीला आले नाहीत. पुढे वारसांच्या फेरफारासाठी मुखत्यारपत्र हवे होते, तर भारतीय वकिलातीत जाऊन साक्षांकन करून घ्यायलाही त्यांचा पाय उचलेना. शेवटी तिथल्या नोटरीसमोर सही करून, अपोस्टिल, म्हणजे परदेशी कागद खरा असल्याचा सरकारी दाखला, लावून तो कागद मागवला, आणि तो महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरून घेतला. एका फेरफाराला चौदा महिने लागले. त्या काळात भावांतले बोलणे बंद झाले ते अजून सुरू झालेले नाही.

इथे राहून काय करता येते, ते सांगताना मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला, ९ मे २०१४ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली, पण तो अंमलात आणणारी अधिसूचना निघालेली नाही. हा अन्याय आहे, आणि दुबे यांच्या मृत्यूनंतर इतकी वर्षे उलटूनही तो तसाच राहावा याची मला वकील म्हणून लाज वाटते. २००४ च्या ठरावाने केंद्रीय दक्षता आयोगाकडे गुप्त तक्रारीची जी सोय केली तिचा रोख केंद्र सरकारच्या आस्थापनांवर आहे. पंचायत समितीच्या माणसाला तिचा उपयोग नाही. तुमच्यासाठी रस्ता आहे तो साक्षीदार होण्याचा.

त्याचा क्रम महत्त्वाचा आहे, आणि तो चुकला तर नुकसान होते. प्रथम अटकपूर्व जामीन. त्यानंतर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे किंवा पोलीस अधीक्षकांकडे सविस्तर लेखी माहिती, आणि न्यायदंडाधिकाऱ्यासमोर त्याच सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली जबाब नोंदवून घेण्याची मागणी. शपथेवर नोंदलेला तो जबाब पुढे कोणाला गायब करता येत नाही. गुन्ह्यात तुमचा सहभाग धरला गेलाच, तर कलम ३४३ खाली माफीचा साक्षीदार होता येते. पण त्या कलमात अशी अट आहे की जो आधीपासून जामिनावर नाही त्याला खटला संपेपर्यंत कोठडीत ठेवावे लागते. म्हणूनच जामीन आधी. साक्षीदार या नात्याने मग २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने महेंदर चावला प्रकरणात ५ डिसेंबर २०१८ रोजी ही योजना देशभर कायदा म्हणून लागू केली. अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जातो, उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याने पाच कामाच्या दिवसांत धोक्याचा अहवाल द्यायचा असतो, आणि घरापाशी कॅमेरा, तारखेला जाताना पोलीस सोबत, बंद दालनात साक्ष, इथपासून दुसरीकडे राहण्याच्या व्यवस्थेपर्यंत आदेश होऊ शकतात. हे संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपुरते मिळते आणि पुन्हा मागावे लागते. ठाणेदार टाळाटाळ करतात, अहवाल पाचाऐवजी पंचवीस दिवसांनी येतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. अशा वेळी नागपूर खंडपीठात रिट दाखल केल्यावर कागद हलतात, हेही अनुभवले आहे.

तुम्ही प्रश्नासोबत पाठवलेले सात फोटो मी मोठे करून पाहिले. सात फायली, सात लाभार्थी, आणि सातही फोटोंत विहिरीच्या तोंडाशी एका कानाचे तेच घमेले पालथे पडलेले आहे. त्याहून मोलाची गोष्ट मागच्या धुऱ्यावर आहे. तिथे पळस लाल फुलला आहे, आणि फोटो चढवल्याची तारीख सप्टेंबरची आहे. पळस फाल्गुनात फुलतो हे कोणत्याही कास्तकाराला सांगावे लागत नाही, आणि आपल्या जिल्ह्यातल्या न्यायाधीशालाही सांगावे लागणार नाही. परंतु हा पुरावा न्यायालयात उतरवायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. ते ज्याच्या ताब्यात ते उपकरण होते त्याने आणि तज्ज्ञाने सही करून द्यायचे असते. तुम्ही ब्रॅम्प्टनला असाल तर त्या पळसाविषयी साक्ष कोण देणार?

आता ज्या स्थितीत माझे मत बदलेल ती सांगतो. प्रत्यक्ष हल्ला झाला, संरक्षणाचा अर्ज फेटाळला गेला, दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेल्यावरही माणसे मागावर आली, आणि या प्रत्येक गोष्टीचा कागद तुमच्या हाती असला, तर जीव आधी, बाकी सर्व नंतर. तेव्हाही न्यायालयाची परवानगी घेऊन, जामिनाच्या अटी न मोडता, वकीलपत्र आणि नोंदणीकृत मुखत्यारपत्र इथे करून ठेवून, आणि आपला पत्ता न्यायालयाला कळवून जावे. असा गेलेला माणूस खटला चुकवण्यासाठी फरार झाला, असे म्हणणे सरकारी पक्षाला जड जाते. तेच कागद परदेशातील मंडळाच्या त्या दोन प्रश्नांचेही उत्तर ठरतात.

तूर्तास तुम्ही आणि आई यवतमाळबाहेर, नागपूरला किंवा अमरावतीला, नातेवाइकांकडे राहायला जा. गाडी किती वाजता आली, किती वेळ थांबली, क्रमांक काय, हे तारीखवार एका वहीत लिहा. कार्यालयातून मूळ फाईल किंवा रजिस्टर उचलून आणू नका. त्यांच्या नकला माहिती अधिकाराच्या अर्जाने मागू. व्हिसाचा अर्ज भरला नसेल तर भरू नका, आणि भरला असेल तर त्यात काय लिहिले ते मला दाखवा. ज्या मोबाइलमध्ये ते फोटो आहेत तो विकू नका, दुरुस्तीला देऊ नका, त्यातले काही पुसू नका. बंद करून, त्याच्या खोक्यात घालून, येत्या सोमवारी न्यायालय भरण्यापूर्वी माझ्याकडे घेऊन या.